गालावर व्रण असलेला कप्तान : सर रिचर्ड बर्टन

तळहातावर मावेल एवढा पुठ्ठ्याचा तुकडा आणि त्यावर चिकटवलेला पिवळसर तपकिरी फोटो. गडद कोट, खाली वळलेल्या भरघोस मिशा, रोखून पाहणारे काळेभोर डोळे आणि गालावर खोल गेलेला एक व्रण. जुन्या छायाचित्रांचा नाद असलेल्यांना हा चेहरा लगेच ओळखू येतो. मुंबई इलाख्याच्या फौजेतील अधिकारी, सिंध सरहद्दीवरचा मोजणीदार, मक्का-मदिनेला वेषांतर करून गेलेला प्रवासी आणि आफ्रिकेतील टांगानिका सरोवरापर्यंत पोहोचलेला पहिला युरोपीय, असे रिचर्ड फ्रान्सिस बर्टनचे वर्णन करता येईल. आपल्याला जवळची वाटावी अशी एक गोष्ट यात जोडली पाहिजे. हा मनुष्य मराठी शिकला होता आणि कंपनी सरकारची मराठीची परीक्षा उत्तीर्ण झाला होता.

वाचकहो, घराबाहेर पडल्यावर दुसऱ्याच्या भाषेत जगणे म्हणजे काय, हे आपल्याला भिलाईत राहून चांगले ठाऊक आहे. बाजारात हिंदी, बाईंशी छत्तीसगढी, शेजारी तेलुगू किंवा बंगाली, आणि कारखान्याच्या उभारणीच्या काळात रशियन तंत्रज्ञांबरोबर काम करता करता आपल्या वडीलधाऱ्यांनी उचललेली कामापुरती रशियन. म्हणून पंचवीसहून अधिक भाषा आत्मसात करणाऱ्या या गोऱ्या कप्तानाचे चरित्र आपण जरा वेगळ्या नजरेने वाचू शकतो. त्याचे कौतुक करावे की त्याच्याविषयी सावध राहावे, हा प्रश्न मला हे चरित्र वाचताना सतत पडत राहिला.

बर्टनचा जन्म १९ मार्च १८२१ रोजी इंग्लंडमधील टॉर्की येथे झाला. वडीलही सैन्यातलेच, पण प्रकृती बरी नाही म्हणून फ्रान्स आणि इटलीत गावोगाव बिऱ्हाड हलवणारे. त्यामुळे पोराला शाळा अशी एक नाही, पण फ्रेंच, इटालियन आणि त्यांच्या बोली तोंडात. १८४० मध्ये त्याला ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात घातले. दोन वर्षांत, बंदी असताना घोड्यांची शर्यत पाहायला गेल्याचे निमित्त होऊन तिथून त्याची हकालपट्टी झाली. अशा मुलांसाठी त्या काळी ईस्ट इंडिया कंपनीचे सैन्य होतेच!

ऑक्टोबर १८४२ च्या अखेरीस तो मुंबई बंदरात उतरला आणि १८ व्या बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीत बडोद्याला रुजू झाला. बडोदे म्हणजे गायकवाडांची राजधानी. दरबार मराठी, गाव गुजराती, छावणीतली बोली हिंदुस्तानी. इतर अधिकारी शिकार आणि पत्ते यांत दिवस काढत, हा मात्र मुन्शी लावून रोज तासन् तास पाठ करीत बसे. हिंदुस्तानी, गुजराती, मराठी अशा एकेक परीक्षा त्याने दिल्या. पुढे सिंधी, पंजाबी, फारसी आणि अरबीची भर पडली. त्याची पद्धत साधी होती. थोडे व्याकरण आणि काही शे शब्द पाठ करायचे, मग एखादे सोपे पुस्तक घेऊन मोठ्याने वाचायचे, कठीण उच्चार दिवसातून शेकडो वेळा घोटायचे आणि थकवा आला की पुस्तक मिटायचे. आजही कुणाला नवी भाषा शिकायची असेल तर यापेक्षा चांगला सल्ला देता येणार नाही.

एकदा त्याने घरात माकडे पाळली, त्यांना टेबलाशी बसवून जेवू घातले आणि त्यांच्या आवाजांचा कोश करायला घेतला, अशीही हकीकत आहे. साठेक आवाज त्याने टिपल्याचे सांगतात. १८६१ मध्ये लंडनच्या एका गोदामाला आग लागून त्याची बरीच हस्तलिखिते जळाली, त्यात हाही कोश गेला. असो.

१८४३ मध्ये सर चार्ल्स नेपियरने सिंध जिंकला. कंपनीच्या राज्याची ती नवी सरहद्द. बर्टनची पलटण तिकडे गेली आणि १८४४ च्या अखेरीस त्याला कालव्यांच्या मोजणीच्या खात्यात काम मिळाले. पाणसळ आणि दुर्बीण घेऊन सिंधूच्या काठाने उंच-सखल मोजत हिंडायचे, असे ते काम. पण गोऱ्या साहेबाला बघून गावकरी गप्प बसत. मग त्याने मिर्झा अब्दुल्ला नावाचा एक माणूस निर्माण केला. इराणच्या बुशहरचा, अर्धा अरब, अर्धा इराणी, फिरता कापडविक्या. सिंधीत चूक झाली तर परका म्हणून खपून जाई, फारसीत चूक झाली तरी तीच सबब. केस वाढवले, मेंदी लावली, गाठोडे घेतले आणि हा घराघरांत शिरू लागला. कधी गावात गाळा भाड्याने घेऊन खजूर, काकवी, तंबाखू, आले आणि तेल विकायला बसे. दुकानदाराजवळ लोक काय काय बोलतात हे कोणाही किराणावाल्याला विचारावे!

या काळात त्याने जे टिपले त्यातून १८५१ मध्ये सिंधवरील दोन ग्रंथ निघाले. लग्नाच्या चाली, सुफी फकिरांच्या परंपरा, लोककथा, अफू-भांगेची व्यसने, शेती अशी त्यातली माहिती अभ्यासक आजही पाहतात. पण हे विसरून चालणार नाही की हा कापडविक्या संध्याकाळी परत येऊन जे लिहीत असे त्यातले काही नेपियरच्या टेबलावर जात होते. ज्या घराने त्याला पाहुणा म्हणून पाणी दिले त्या घराला हे ठाऊक नव्हते. त्याच्या कानाचे मला विलक्षण कौतुक वाटते, त्याच्या डोळ्यांचे तेवढे नाही. त्याच्या पुस्तकांत हिंदी माणसाविषयी, आफ्रिकी माणसाविषयी तर अधिकच, जी तुच्छतेची वाक्ये जागोजाग येतात, ती वाचताना प्रश्न पडतो की भाषा येणे आणि माणूस कळणे यांत नेमके किती अंतर असते.

बर्टनलाही या नोकरीने फारसे काही दिले नाही. १८४८-४९ च्या दुसऱ्या शीख युद्धात त्याने दुभाष्याच्या जागेसाठी अर्ज केला. सहा भाषांच्या परीक्षा खिशात असताना त्याला डावलून केवळ हिंदुस्तानी येणाऱ्याला ती जागा मिळाली, असे तो पुढे कडवटपणे सांगत असे. सरकारी नोकरी केलेल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही.

त्याआधी १८४७ मध्ये आजारपणाच्या रजेवर तो मुंबईहून पत्तेमारी गलबतात बसून गोव्याला गेला. पणजी, ओसाड पडलेले जुने गोवे, तिथली चर्चे आणि कॉन्व्हेंट पाहिली, मग मलबारमार्गे निलगिरीला उटकमंडला गेला. या प्रवासावरचे त्याचे पुस्तक १८५१ मध्ये आले. त्यात गोव्याची थट्टा फार आणि माया कमी आहे. गंमत अशी की याच गोव्यात कधीकाळी राहिलेल्या कामोंइश या पोर्तुगीज महाकवीने त्याला आयुष्यभर पछाडले आणि त्याच्या महाकाव्याचा इंग्रजी अनुवाद बर्टनने १८८० मध्ये प्रसिद्ध केला. १८७६ मध्ये तो पत्नीसह पुन्हा हिंदुस्थानात आला तेव्हा मुंबई, माथेरान, महाबळेश्वर आणि हैदराबाद करून गोव्यालाही जाऊन आला.

१८५३ साली बर्टनने जे केले त्यामुळे त्याचे नाव युरोपभर झाले. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या पाठिंब्याने, कंपनीकडून एक वर्षाची रजा घेऊन, तो पठाण हकिमाच्या वेषात कैरोहून निघाला. सुएझहून यात्रेकरूंच्या जहाजाने यांबो, तिथून उंटांच्या तांड्याबरोबर जुलैत मदिना आणि सप्टेंबरात मक्का. टिपणे कागदाच्या चिटोऱ्यांवर लपवून ठेवी. मक्केला गेलेला तो पहिला युरोपीय नव्हता. इटालियन वार्थेमा १५०३ मध्ये आणि स्विस बुर्कहार्ट १८१४ मध्ये जाऊन आले होते. पण त्याचे वर्णन बारीक आणि मोजमापांसह होते. दुसऱ्यांच्या पवित्र स्थानी खोट्या नावाने जाणे योग्य की अयोग्य, हा वाद तेव्हाही झाला आणि तो रास्तच होता. एवढे मात्र म्हटले पाहिजे की कुराण आणि नमाज यांचा त्याचा अभ्यास वर्षानुवर्षांचा होता, यात्रेपुरता नव्हे.

आता गालावरच्या व्रणाकडे येऊ. जानेवारी १८५५ मध्ये बर्टन आफ्रिकेच्या शिंगातील हरार या तटबंदीच्या शहरात पोहोचला. परक्यांना बंद असलेल्या या शहरात यावेळी तो उघडपणे इंग्रज अधिकारी म्हणून गेला आणि दहा दिवसांनी सहीसलामत बाहेर आला. नंतर समुद्रकाठी बर्बेरा येथे पुढच्या मोहिमेसाठी तळ पडला. सोबत लेफ्टनंट स्पीक, हर्न आणि स्ट्रॉयन असे तिघे अधिकारी होते. १९ एप्रिल १८५५ च्या पहाटे सोमाली टोळीने तळावर हल्ला चढवला. स्ट्रॉयन मारला गेला. स्पीकला अनेक जखमा झाल्या आणि तो पकडला जाऊन कसाबसा निसटला. बर्टनच्या एका गालातून घुसलेला भाला दुसऱ्या गालातून बाहेर आला आणि जाताना दाढा घेऊन गेला. तो भाला तोंडात अडकलेल्या स्थितीत तो किनाऱ्यापर्यंत गेला आणि एका गलबताने त्याला वाचवले. त्यानंतर काढलेल्या प्रत्येक फोटोत आणि चित्रात तो व्रण आहे.

त्या फोटोंविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या काळातले असे पुठ्ठे ट्रंकेत पडून असतील. १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या छायाचित्रकाराने एकाच काचेवर आठ फोटो घेण्याचे पेटंट काढले. त्यामुळे फोटो एकदम स्वस्त झाला. साधारण अडीच इंच बाय चार इंचांच्या या पुठ्ठ्याला कार्ट द व्हिझिट म्हणजे भेटीचे कार्ड म्हणत. १८६० च्या दशकात लोक राणीचे, सेनापतींचे, कवींचे आणि प्रवाशांचे असे फोटो विकत घेऊन अल्बममध्ये लावू लागले, आपल्या लहानपणी क्रिकेटपटूंची चित्रे जमवायचो तसे. बर्टनचा चेहरा या बाजारात खपणारा होता. लंडनच्या अर्नेस्ट एडवर्ड्स या छायाचित्रकाराने त्या दशकात प्रसिद्ध पुरुषांच्या छायाचित्रांची जी मालिका काढली, तीतही तो आहे. मुंबईही यात मागे नव्हती. १८५४ मध्येच तिथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तसेच हरिश्चंद्र चिंतामण हे आपल्याकडचे आरंभीचे छायाचित्रकार.

हे फोटो अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या पातळ कागदावर छापलेले असत, म्हणून त्यांचा रंग काळा-पांढरा नसून तपकिरी असतो आणि कडा आधी फिक्या पडतात. भिंगाखाली धरल्यास बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर तो खरा फोटो नव्हे, नंतरची छापखान्यातली प्रत. पुठ्ठ्याचे कोपरे चौकोनी असतील तर बहुधा आधीचा, गोल असतील तर १८७० नंतरचा. पुठ्ठ्यामागे छायाचित्रकाराचे नाव-पत्ता असेल तर काळ ठरवायला त्याची मोठी मदत होते. फोटोवरून काढलेला फोटो थोडा धुरकट असतो; नामवंतांच्या बाबतीत असल्या नकला पुष्कळ झाल्या. घरातला असा फोटो सापडला तर त्याला ओले फडके लावू नये आणि लॅमिनेशन तर कधीच करू नये.

बर्टनच्या आयुष्यातली सर्वांत मोठी मोहीम मुंबईहूनच सुरू झाली. २ डिसेंबर १८५६ रोजी एल्फिन्स्टन नावाच्या जहाजाने तो आणि स्पीक झांझिबारला निघाले. सोबत व्हॅलेंटाइन आणि गायतान नावाचे दोन गोवेकर नोकर होते. नाईल नदीचा उगम शोधायचा होता. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्यांना सिदी मुबारक बॉम्बे भेटला. याओ जमातीचा हा माणूस बालपणी गुलाम म्हणून विकला गेला, पश्चिम हिंदुस्थानात वाढला, मालक वारल्यावर मोकळा झाला आणि आफ्रिकेत परतला. त्याला हिंदुस्तानी येत होती. स्पीकला ना अरबी येत होती ना स्वाहिली. तेव्हा स्पीक हिंदुस्तानीत बोलणार, बॉम्बे ते स्वाहिलीत सांगणार आणि पुढे कोणी ते गावच्या बोलीत, अशी साखळी चाले. ज्या हिंदीवर भिलाईचे सगळे व्यवहार चालतात तिच्याच एका बहिणीच्या आधारावर मध्य आफ्रिकेचा नकाशा तयार झाला, हे वाचून मला मोठी मौज वाटली.

जून १८५७ मध्ये ते किनारा सोडून आत शिरले. हमाल पळून जात होते, गाढवे मरत होती. १३ फेब्रुवारी १८५८ रोजी टांगानिका सरोवर दिसले तेव्हा बर्टनला तापाने चालता येत नव्हते आणि स्पीकला डोळ्यांच्या आजाराने ते नीट दिसतही नव्हते! नाईल या सरोवरातून निघते अशी बर्टनची आशा होती. होडीने उत्तरेकडे जाऊन चौकशी केली तेव्हा स्थानिकांनी सांगितले की उत्तर टोकाची रुसिझी नदी सरोवरातून बाहेर जात नाही, ती सरोवरात येते. परतीच्या वाटेवर बर्टन आजारी म्हणून थांबला, स्पीक बॉम्बेला घेऊन उत्तरेला गेला आणि ३ ऑगस्ट १८५८ रोजी त्याने एक प्रचंड जलाशय पाहिला. त्याला त्याने व्हिक्टोरिया नाव दिले आणि हाच नाईलचा उगम असे ठरवून टाकले. बर्टनला हे पुराव्याविना केलेले विधान वाटले.

इथे मोजमापांची गोष्ट आपल्यासारख्या कारखान्यातल्या माणसांना रुचेल. पाणी किती अंशांवर उकळते यावरून ते उंची काढत. टांगानिकाची उंची त्यांनी सुमारे १८५० फूट काढली, ती प्रत्यक्षात २५०० फुटांहून थोडी अधिक आहे. तापमापक दगा देत होता. व्हिक्टोरियाची उंची मात्र स्पीकने ३७०० फुटांच्या आसपास मोजली, ती बरोबर निघाली. अंदाजाने बोलणारा स्पीक खरा ठरला आणि पुरावा मागणारा बर्टन चुकला.

स्पीक मे १८५९ मध्ये आधी लंडनला पोहोचला आणि सारे श्रेय त्याच्याकडे गेले. पुढची मोहीमही त्यालाच मिळाली. मैत्री तुटली. १६ सप्टेंबर १८६४ रोजी बाथ शहरात दोघांचा जाहीर वाद ठरला होता. आदल्या दुपारी शिकारीला गेलेला स्पीक स्वतःच्याच बंदुकीची गोळी लागून मरण पावला. अपघात की आत्महत्या, यावर आजही लिहिले जाते. त्याच वर्षी बर्टनने पुन्हा टांगानिकाचा पक्ष मांडणारे पुस्तक काढले. स्थानिकांनी १८५८ मध्येच सांगितलेले रुसिझीचे सत्य १८७१ मध्ये लिव्हिंगस्टन आणि स्टॅन्लीने जाऊन पाहिले तेव्हा युरोपला पटले, आणि १८७५ मध्ये स्टॅन्लीने व्हिक्टोरियाला वळसा घालून स्पीकची बाजू पक्की केली. बॉम्बे पुढे स्पीक, स्टॅन्ली आणि कॅमेरून यांच्याबरोबर चालत राहिला, कॅमेरूनबरोबर तर पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत. सोसायटीने त्याला १८७६ मध्ये रौप्यपदक आणि निवृत्तिवेतन दिले. १८८५ मध्ये तो वारला.

१८६१ मध्ये बर्टनने इझाबेल अरंडेल हिच्याशी विवाह केला आणि वकिलातीची नोकरी धरली. त्यामुळे मुंबई फौजेतील नावही गेले. फर्नांडो पो, ब्राझीलचे सांतोस, दमास्कस आणि १८७२ पासून अखेरपर्यंत ऑस्ट्रियाचे त्रिएस्त. दमास्कस त्याचे आवडते. तिथून १८७१ मध्ये त्याला परत बोलावले गेले तो घाव भाल्यापेक्षा खोल होता.

त्रिएस्तच्या निवांतपणात त्याने अरबी सुरस कथांचा सोळा खंडांचा अनुवाद १८८५ ते १८८८ या काळात प्रसिद्ध केला आणि आयुष्यात प्रथमच बरा पैसा पाहिला. त्याआधी १८८३ मध्ये वात्स्यायनाच्या कामसूत्राचा इंग्रजी अनुवाद निघाला होता. लोक तो बर्टनचा म्हणून ओळखतात. प्रत्यक्षात मुंबईच्या मुलकी सेवेतील आर्बथनॉट यांनी तो घडवून आणला आणि संस्कृताचे काम पंडित भगवानलाल इंद्रजी व शिवराम परशुराम भिडे यांनी केले. भगवानलाल म्हणजे भाऊ दाजींचे साहाय्यक, नाणेघाटचे शिलालेख वाचणारे, १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उकरणारे. त्यांनी ठिकठिकाणच्या पोथ्या मिळवून पाठ जुळवला. बर्टनने इंग्रजी घासूनपुसून घेतले. मुखपृष्ठावर तेव्हा कोणाचेच नाव नव्हते, पण नंतरच्या आवृत्त्यांवर एकच नाव आले. भिडे यांचे नाव आपल्या मराठी मंडळींना तरी ठाऊक असावे म्हणून इथे मुद्दाम लिहिले.

१८८६ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली. २० ऑक्टोबर १८९० रोजी त्रिएस्त येथे त्याचे निधन झाले. त्यावेळी तो एका अरबी ग्रंथाच्या अनुवादावर काम करीत होता. इझाबेलने ते हस्तलिखित वाचले, पतीच्या आत्म्याची आणि नावाची काळजी वाटून तिने ते जाळले. त्याच्या चाळीस वर्षांच्या रोजनिशीतील बहुतेक वह्यांचीही तीच गत झाली. मिर्झा अब्दुल्लाच्या दुकानात खरोखर काय घडले, स्पीकशी तो शेवटचे काय बोलला, हे सांगणारा कागद उरला नाही. उरली ती छापील पुस्तके आणि तो गंभीर, व्रणाचा फोटो.

लंडनजवळ मॉर्टलेक येथे त्याची कबर आहे. इझाबेलने ती अरबी तंबूच्या आकारात दगडात बांधून घेतली, आत उंटांच्या गळ्यातल्या घंटा टांगल्या. १८९६ मध्ये तिलाही तिथेच ठेवले. मागच्या बाजूला लोखंडी शिडी आहे आणि वर काचेची खिडकी. शिडी चढून आत डोकावले की दोन पेट्या शेजारी शेजारी दिसतात.